दासगाव बंदर, पोर्ट १९१३२

दासगावला मामाच्या घरी गेलं की पूर्वी मामी पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा पुढे करायची. हल्ली तांब्याच्या आधी दादा येतो आणि म्हणतो, "फोन बघू." आपण मुकाट्यानं फोन द्यायचा. तो आपला फोन घरच्या वायफायला जोडतो, पडद्यावर एक चकती उघडतो, तिच्यातला काटा थरथरत वर चढतो, आणि काटा थांबेपर्यंत घरात कुणी बोलत नाही. मग दादा आकडा वाचतो. "पंच्याण्णव. डोंबिवलीला किती येतो?"

डोंबिवलीला किती येतो ते मला ठाऊक नसतं. मी म्हणतो, "येतो की, बऱ्यापैकी." त्यावर दादा माझ्याकडे अशा नजरेनं बघतो की जणू त्यानं मला पोरं किती विचारलं आणि मी "आहेत बऱ्यापैकी" असं उत्तर दिलं.

हा माझा मामेभाऊ. त्याचं खरं नाव रेशन कार्डावर आणि महाडच्या एमआयडीसीतल्या कारखान्याच्या हजेरीपटावर आहे. गावात त्याला पिंगदादा म्हणतात. कारखान्यात तो मीटर आणि गेज दुरुस्त करतो. शिफ्ट सुटली की घरी येतो, हातपाय धुतो आणि देवघराशेजारच्या भिंतीसमोर उभा राहतो. मामांची सून सांगते की मामंजी देवाला हात जोडतात आणि हे राऊटरला. हे अगदीच खोटं नाही. चिऱ्याच्या दीड फूट जाडीच्या भिंती असल्यामुळे वायफाय घरभर पोचायचं तर राऊटर घराच्या मध्यावर हवा, आणि कोकणातल्या घराचा मध्य म्हणजे देवघर. मामीनं पहिल्याच दिवशी निक्षून सांगितलं, "देवाच्या डोक्यावर शिंगं नकोत." मग चार बोटं बाजूला, तरी गणपतीच्या तसबिरीपेक्षा खाली, अशा तडजोडीनं ती चार अँटेनांची पेटी बसली. रात्री समई शांत झाली की तिचे हिरवे दिवे तेवढे लुकलुकत राहतात.

पिंग म्हणजे काय, हे त्यानं मामीला ज्या तऱ्हेनं समजावलं त्या तऱ्हेनं कुठल्याही पुस्तकात समजावलेलं नाही. "आये, खिंडीच्या अल्याड उभं राहून तू पल्याडच्या माणसाला कुकारा घालतेस. तो 'ओ' देतो. कुकारा घातल्यापासून ओ ऐकू येईपर्यंत जेवढा वेळ जातो, तो पिंग."

"आणि ओ आलाच नाय तर?"

"टाइम आउट."

"मग तुझ्या बापाचा जन्मभर टाइम आउटच हाय," मामी म्हणाली आणि आत गेली.

अमेरिकन लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या माइक मूस नावाच्या माणसानं १९८३च्या डिसेंबरात हा छोटासा प्रोग्राम लिहिला आणि पाणबुडीतल्या सोनारच्या आवाजावरून त्याला पिंग हे नाव ठेवलं. ही माहिती मला दादानंच दिली, लग्नाच्या पंगतीत, दुसऱ्यांदा भात वाढत असताना. त्याच्या मते मूस कोकणात जन्मला असता तर सगळं जग आज कुकारा म्हणालं असतं.

या कुकाऱ्याचा हिशेब तो मिलिसेकंदात ठेवतो. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई इथून धरा पावणेदोनशे किलोमीटर. जाऊन-येऊन दोन मिलिसेकंद पुरायला हवेत. दादाला लागतात चौदा. "बाकीचे बारा गेले कुठं?" हा प्रश्न त्याला झोपू देत नाही. मी एकदा म्हटलं, वडखळला अडकले असतील. मुंबई-गोवा हायवेवर प्रवास केलेला कुठलाही माणूस यावर हसला असता. दादा हसला नाही. त्यानं वही काढून लिहून घेतलं, "वडखळ? विचारणे."

शेजारपाजारचं तर त्याहून नवल. त्याच्या वाडीतल्या दोन घरांनी दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट घेतलं असेल, तर या पडवीतून त्या पडवीत निघालेलं माहितीचं पाकीट आधी मुंबईला जातं आणि तिथून परत येतं. "आपल्या पोरांसारखंच रे," दादा म्हणतो, "गावात काय करायचं असलं तरी आधी मुंबई बघून यायला लागतं."

दादाचे सिद्धांत थोडे आहेत, पण पक्के आहेत. पहिला, वायर म्हणजे रोख, वायफाय म्हणजे उधारी. दुसरा, छोटी बी आणि मोठी बी यांत गल्लत करू नये. इंटरनेटवाला शंभर एमबीपीएस म्हणतो तेव्हा ती छोटी बी असते. आपण फाइल उतरवतो ती मोठ्या बीनं मोजतात. आणि आठ छोट्या बियांची एक मोठी बी. म्हणजे शंभरचे साडेबारा. हे तो अंगणात काजूच्या बिया मांडून दाखवतो. ऐकणारा शेवटी "म्हणजे कंपनी फसवते?" असं विचारतो आणि दादा कळवळून म्हणतो, "नाय रे, कंपनी बी सांगते, तू झाड समजतोस." तिसरा सिद्धांत असा की किती उतरतं याला महत्त्व नाही, किती चढतं ते बघा. सगळं जग डाउनलोड मोजतं. दादा अपलोड मोजतो. कारण जगाला घ्यायचं असतं आणि दादाला द्यायचं असतं.

आता वायरीचं. एका केबलीत आठ तारा असतात. त्या ठरलेल्या क्रमानं लावून चिमट्यानं टोक दाबायचं असतं, एक तार चुकली की सगळं मुसळ केरात. दादानं तो क्रम पाठ केला आहे आणि काम करताना पुटपुटतो: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पलीकडच्या वाडीतली एक म्हातारी पडवीत बसून हे ऐकत होती. तिनं मामीला विचारलं, "हे कुठल्या ग्रहाचं म्हणायचं? माझ्या नातवाला साडेसाती हाय."

तांब्याची ही वायर शंभर मीटरपलीकडे नेऊ नये असा नियम आहे. या नियमानं एकदा गावात भांडण पेटायची वेळ आली. मामाचं घर आणि चुलत भावाचं घर यांच्यामध्ये एक बांध, एक फणस आणि अकरा वर्षांचा अबोला आहे. बांध कुणाचा यावरून तो अबोला. पण भावाच्या नातवाला दादाच्या घरातल्या खेळाच्या सर्व्हरवर खेळायचं होतं, आणि पोरं बांध मानत नाहीत. एका रविवारी दादा लांब टेप घेऊन आपल्या पडवीपासून फणसापर्यंत आणि फणसापासून पलीकडच्या ओटीपर्यंत अंतर मोजू लागला. टेपचं दुसरं टोक धरायला दोन पोरं. पंधरा मिनिटांत गावभर झालं की मोजणी आली! चुलतमामा सातबारा घेऊन अंगणात उतरले. आमचे मामा काठी घेऊन उतरले. दोघंही अकरा वर्षांनी समोरासमोर. दादा टेपवर वाकून ओरडला, "ब्याण्णव! बसतंय!" दोघा म्हाताऱ्यांना वाटलं हा ब्याण्णव फूट म्हणतोय आणि दोघांच्याही हिशेबानं ते चूक होतं, त्यामुळे त्या एका मुद्द्यावर त्यांचं प्रथमच एकमत झालं.

वायर आज फणसावरून गेलेली आहे. अबोला अजून आहे. पण फणस काढायच्या वेळी चुलतमामा नातवाला पाठवतात, "जा, त्या पिंग्याला विचार, वायरीला धक्का नाय ना लागत?"

दादाला कुठंही नेलं तरी त्याची नजर भिंतीवर जाते. मागे आम्ही एका घरी दुःखाच्या भेटीला गेलो होतो. घोंगडीवर बसलो, कुणी काही बोलेना. घरातला कर्ता माणूस गेलेला. दादाचे डोळे भरून आले होते, ते खरंच भरून आले होते, गेलेले गृहस्थ त्याचे गुरुजी. पण बाहेर पडताना चपला घालता घालता तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "राऊटर फ्रिजवर ठेवलाय रे. शेजारी मायक्रोवेव्ह. किती वर्षं तसंच चालवतायत बिचारे." तेराव्याला गेला तेव्हा जागा बदलूनच आला. त्या घरातल्या आजी आजही सांगतात, सगळ्यांनी धीर दिला पण उपयोगाचा हाच पडला.

एवढं सगळं तो कशासाठी करतो? खेळासाठी म्हणावं, तर दादा खेळत नाही. माइनक्राफ्ट नावाच्या खेळात चौकोनी ठोकळ्यांचं जग असतं, त्यात पोरं घरं बांधतात, खाणी खणतात, शेती करतात. दादानं आयुष्यात एक ठोकळा रचलेला नाही. त्याला फक्त सर्व्हर चालवायचा असतो. "खेळ पोरांचा," तो म्हणतो, "जागा आपली." लॅमिंग्टन रोडवरून त्यानं कधीतरी मोडीत निघालेला एक थिन क्लायंट आणला होता, पोळपाटाएवढा चपटा डबा. २०२०च्या टाळेबंदीत पोरं घरात कोंडली तेव्हा त्यानं तो डबा माळ्यावर बसवला आणि वाडीतल्या मुलांसाठी एक खासगी जग उघडलं. मग सप्टेंबरच्या २ तारखेला सरकारनं एकशे अठरा अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पबजी गेला, आणि उरलेली पोरंही माळ्याखाली जमली. दादा म्हणाला, "कुणाचं काय बंद व्हायचं ते होऊ दे. आपला सर्व्हर आपल्या घरात हाय."

पोरांनी त्या जगात पहिल्यापासूनच रायगड बांधायला घेतला होता. साहजिकच होतं, रायगड आमच्याच तालुक्यात, पोरांनी तो पायांनी मोजलेला. महादरवाजा झाला, होळीचा माळ झाला, टकमक टोकावरून आठवड्यात बावीस जण उड्या मारून मेले आणि परत जिवंत झाले. हिरकणीच्या बुरुजाची जागा चुकली म्हणून दोन गट पडले. दादा माळ्यावर बसून या सगळ्याकडे एकाच दृष्टीनं बघत होता: मेमरी किती खातंय.

गाडी अडली ती बाहेरच्यांवर. वाडीतली पोरं आतल्या आत खेळत होती, पण डोंबिवलीहून माझ्या मुलाला आत यायचं होतं, पुण्याहून मावसभावाच्या मुलीला यायचं होतं. त्यांना दार सापडेना. दादानं शोध घेतला तेव्हा त्याला कळलं की आपल्याला आपला पत्ताच नाही. जुन्या पद्धतीचे इंटरनेटचे पत्ते जगभरात मिळून ४२९ कोटी, माणसं त्याच्या दुपटीच्या घरात. मग कंपन्या काय करतात, ढीगभर गिऱ्हाइकांना एकाच पत्त्यावर बसवतात. चाळीसारखं. तुम्ही आतून पत्र टाकलंत तर उत्तर तुमच्या खोलीत बरोबर येतं, कारण कुठल्या खोलीतून पत्र गेलं ते कंपनीच्या वहीत लिहिलेलं असतं. पण बाहेरचा माणूस चाळीच्या दाराशी येऊन "दासगावचा सर्व्हर कुठल्या खोलीत?" असं विचारू लागला तर रखवालदार हात वर करतो.

मग दादाचे आणि कंपनीच्या फोनवरच्या मुलींचे संवाद सुरू झाले. कुठली कंपनी ते सांगत नाही, सगळ्यांचं सारखंच असतं.

"मॅडम, मला स्वतंत्र पत्ता पाहिजे. स्टॅटिक."

"सर, राऊटर एकदा बंद करून चालू कराल का?"

चार महिने हे चाललं. घरातल्या सगळ्यांना ते पाठ झालं. दादा दिवसभर वैतागून फेऱ्या घालायचा, "पोर्ट बंद हाय, पोर्ट उघडत नाय," आणि झोपाळ्यावर बसलेले मामा एक दिवस न राहवून म्हणाले, "बंदर बंद पडून किती वर्षं झाली रे. आता कशाला उघडतोस?"

इथं मामांचं सांगायला हवं. मामा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, पण त्यांच्या वडिलांचं सगळं आयुष्य दासगावच्या धक्क्यावर गेलं. बाणकोटच्या खाडीतून भरतीबरोबर मचवे वर यायचे आणि दासगावला लागायचे. माल इथं उतरायचा आणि बैलगाडीनं महाडला जायचा. रस्ते झाले, गाड्या आल्या, खाडी गाळानं भरत गेली आणि बंदर नुसतं नावाला उरलं. पोर्ट म्हणजे बंदर, हे मामांचं इंग्रजी चौथीपासूनचं. त्यांना वाटलं पोरगा खाडीच्या धंद्यात पडतोय.

त्यात एकदा फायबर जोडणारा मुलगा आला. तो गोरखपूरकडचा. डांबावरची केबल वानरांनी लोंबकळून लोंबकळून तोडली होती. वर चढून त्यानं बघितलं आणि खाली झोपाळ्यावरच्या मामांना सांगितलं, "चाचा, बंदर का लफड़ा है."

"अरे बाबा," मामा म्हणाले, "ते तर इंग्रजांच्या काळापासूनचं हाय. तू बस, चहा घे, सांगतो."

आणि त्यांनी सांगितलंही. अर्धा तास. त्या मुलाला त्यातलं किती समजलं देव जाणे, पण तो दर खेपेला चहा घेऊन जातो आणि दर खेपेला मामांना विचारतो, "बंदर ठीक है ना?"

अखेर वर्षाला जादा पैसे भरून स्वतंत्र पत्ता मिळाला. दादानं राऊटरमध्ये ते दार उघडलं: १९१३२. माझ्या मुलानं डोंबिवलीत बटण दाबलं आणि तो रायगडाच्या पायथ्याशी उभा राहिला. सर्व्हरला नाव काय द्यायचं असं दादानं पोरांना विचारलं. पोरं एकसुरात म्हणाली, "दासगाव बंदर." झोपाळ्याचा आवाज क्षणभर थांबला.

बंदराची एक गोष्ट मामा वर्षातून दोनदा सांगतात, चौदा एप्रिलला आणि पंचवीस डिसेंबरला. १९२७ साली चवदार तळ्याच्या दुसऱ्या सत्याग्रहाला बाबासाहेब निघाले तेव्हा वाटेतल्या मोटारवाल्यांनी न्यायला नकार दिला. मग मुंबईहून 'पद्मावती' बोटीनं हरिहरेश्वर, तिथं रात्रीचा मुक्काम, दुसऱ्या दिवशी 'अंबावती' बोटीनं खाडीतून वर दासगाव. भर दुपारी बोट धक्क्याला लागली, आणि इथून सत्याग्रही चालत महाडला गेले. हे सांगताना मामा झोपाळ्यावरून उठून उभे राहतात. गेल्या वेळी ते उभे असताना दादा हळूच म्हणाला, "म्हणजे तीन हॉप."

मामांनी नुसतं बघितलं.

"नाय, चेष्टा नाय करत," दादा घाईघाईनं म्हणाला. "मुंबई, हरिहरेश्वर, दासगाव, महाड. एक रस्ता कुणी अडवला तर पाकिटानं थांबायचं नसतं, दुसऱ्या रस्त्यानं जायचं. इंटरनेट तेच करतं."

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पाकीट नव्हं. माणसं व्हती." आणि खाली बसले. दादा त्या दिवशी पुन्हा काही बोलला नाही. संध्याकाळची स्पीड टेस्टही त्यानं बाहेर अंगणात जाऊन केली.

दादाचं सगळ्यात लाडकं वाक्य आहे, "इंटरनेट गेलंय, नेटवर्क नाय गेलं." हे वाक्य आम्हाला २०२०च्या ३ जूननंतर कळलं. निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूनं शिरलं, पोफळी आडव्या झाल्या, पत्रे उडाले, आणि वीज गेली ती गेलीच. गाव अंधारात. दुसऱ्या दिवशी दादानं शेजारच्या टेम्पोतली बॅटरी काढून पडवीत आणली. राऊटर बारा व्होल्टवर चालतो, माळ्यावरचा डबाही बारा व्होल्टवर, बॅटरीही बाराची. "देवानं एकच व्होल्टेज दिलंय, माणसानं ॲडॅप्टर केले," असं म्हणत त्यानं दोन वायरी जोडल्या. दिवे लागले. बाहेरच्या जगाशी संबंध शून्य, कंपनीचा लाल दिवा नुसता मिचमिचतोय, पण घरातल्या घरात, वाडीतल्या वाडीत सगळं चालू. टेम्पोवाल्यानंच पोरांचे फोन चार्ज करून दिले. संध्याकाळी सात-आठ पोरं पडवीत कंदिलाशेजारी बसून चकार शब्द न काढता रायगडाची तटबंदी बांधत होती, आणि वाडीतले मोठे, ज्यांची घरं उघडी पडली होती, ते येऊन त्यांच्यामागे उभे राहून बघत होते. एकानं म्हणे विचारलं, "यात पत्रे मिळतात का?"

गणपतीचं मात्र विचारू नका. गौरी-गणपतीला आम्ही चाकरमानी मुंबईहून उतरतो, प्रत्येकाच्या खिशात एक फोन, काहींच्या दोन. दादाच्या पडद्यावर राऊटरला जोडलेल्या सगळ्या फोनांची यादी दिसते, आणि चतुर्थीच्या सकाळी ती वाढू लागली की त्याचा चेहरा उतरत जातो. त्यानं पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय काढलंय, नाव 'पाव्हणे'. त्याचा वेग त्यानं बांधून ठेवलाय, कुणी तक्रार केली तर सांगतो, "गर्दी हाय ना." पाच गिगाहर्ट्झचं जलद वायफाय फक्त जावयांना. पण पाच गिगाहर्ट्झ चिऱ्याच्या भिंतीतून जात नाही, म्हणून जावयांनी ओटीवरच्या एका ठरावीक खुर्चीतच बसायचं. पूर्वी मानाचा पाट असायचा, आता मानाची खुर्ची. माझे मेहुणे सबंध दीड दिवस त्या खुर्चीतून उठले नाहीत, आणि सासरी आपला एवढा मान आहे असं त्यांना वाटत राहिलं.

आरतीच्या वेळी मस्कतच्या भावाला व्हिडिओवर घेतलेलं असतं. त्या वीस मिनिटांत कुणीही दुसरं काही करायचं नाही असा दादाचा हुकूम. "देवे" म्हणताना त्याचा एक डोळा गणपतीवर आणि एक पिंगवर. एकदा ऐन मंत्रपुष्पांजलीत पिंग चारशेवर गेला. दादानं म्हणणं थांबवलं नाही. फक्त मान फिरवून एकेकाच्या हाताकडे बघितलं, आणि माझ्या बायकोनं चालू केलेली सिरियल गुपचूप बंद केली.

२०२१चा जुलै. २२ तारखेला सावित्री चढली, महाड पाण्यात गेलं, संध्याकाळी तळियेवर दरड आली. आमच्या गावाला दरड हा शब्द नवा नाही. २००५च्या जुलैत दासगावात, जुईत, रोहनला, कोंडिवत्यात डोंगर उतरले होते, आणि तेव्हापासून जुलैत जोराचा पाऊस लागला की आम्ही कुठंही असलो तरी फोन हातात घेतो. त्या दिवशी फोन लागेना. दुसऱ्या दिवशी लागेना. टीव्हीवर जी घरं दिसत होती ती आमची नव्हती, पण ओळखीची वाटत होती. आई देवासमोर बसून होती. मी महाडच्या ओळखीच्या माणसांना, त्यांच्या ओळखीच्या माणसांना मेसेज टाकत होतो, आणि एकाच्याही पुढे दुसरी टिक उमटत नव्हती.

कितव्या दिवशी ते नेमकं आठवत नाही. रात्री जेवायला बसलो होतो. माझा मुलगा ताटावर फोन घेऊन बसला म्हणून मी ओरडणार, एवढ्यात तो ताडकन उठून उभा राहिला. "बाबा, बंदर हिरवं झालं!"

त्याच्या पडद्यावर सर्व्हरांची यादी होती. 'दासगाव बंदर'च्या पुढे कालपर्यंत लाल फुली होती, तिथं हिरव्या दांड्या आल्या होत्या. तो आत शिरला. रायगड ओस पडलेला. एकही पोर नाही. त्यानं टाइप केलं, "काका?" आम्ही तिघं त्या सहा इंचांवर वाकून उभे. थोड्या वेळानं पडद्यावर, सर्व्हरच्या नावानं, एक ओळ उमटली. जो माणूस त्या जगात कधी पाऊल टाकत नाही त्यानं माळ्यावरून लिहिलं होतं:

"जेवलास का?"

आई रडायला लागली. मी मुलाच्या हातून फोन घेतला आणि चुकतमाकत लिहिलं, "सगळे कसे आहेत?" उत्तर आलं, "पॅकेट लॉस चार टक्के. माणसं सगळी बरी. आये विचारते मुंबईत पाऊस हाय का." नंतर कळलं की कंपनीच्या मुलांनी कलंडलेल्या डांबाला दोरी बांधून फायबर ओढली होती, त्यात तो गोरखपूरवाला पुढे होता, आणि माळ्यावरचा डबा पुन्हा टेम्पोच्या बॅटरीवर चालू होता. गावातली माणसं रांगेनं येऊन त्या पडवीतून मुंबईला, पुण्याला, सुरतेला निरोप पाठवत होती. पाहुण्यांच्या वायफायचा बांधलेला वेग दादानं त्या दिवशी सोडून दिला होता.

याबद्दल कुणी दादाचं कौतुक करायला लागलं की तो अस्वस्थ होतो आणि चार टक्क्यांवर येतो. ते चार टक्के कुठं गळत होते, ते त्याला आजतागायत सापडलेलं नाही.

गेल्या मे महिन्यात गेलो तेव्हा पडवीत वेगळंच चाललं होतं. मामांनी आता ऐंशी ओलांडलीय. ते झोपाळा सोडून खुर्चीवर बसले होते, हातात काठी, समोर भिंतीला लावलेला जुना टीव्ही, त्यावर ते ठोकळ्यांचं जग. जमिनीवर पोरं. चुलतमामांचा नातूही त्यात. रायगड झाला, आता पोरं बंदर बांधत होती आणि मामा सांगत होते. काठीचं टोक पडद्यावर टेकवून, "इथं नाय. धक्का जरा वरच्या अंगाला. इथं वखार, कौलारू. कौलं लाल कर. हितं बैलगाड्या सुटायच्या. हितं माझा बाप बसायचा." पोरं एकेक ठोकळा ठेवत होती. दादा मागे उभा राहून मेमरी बघत होता.

धक्का झाला, वखार झाली, धक्क्याला एक मचवाही लागला. मामा बराच वेळ बघत बसले.

"पाणी वर कधी येणार?" त्यांनी विचारलं.

"आजोबा, ते एवढंच असतं," एक पोरगा म्हणाला. "यात भरती-ओहोटी नसते."

"भरती नाय?" मामांनी काठी खाली घेतली. "मग मचवा लागला कसा? भरतीशिवाय दासगावला बोट येतच नाय."

पोरं गप्प. मामा दादाकडे वळून बघू लागले. दादानं आधी डोकं खाजवलं, मग देवघराशेजारच्या हिरव्या दिव्यांकडे बघितलं, मग खिशातून वही काढली.

"बघतो," तो म्हणाला. "ॲड-ऑन असंल कुठंतरी."